दाताखालची सरकी

१२ जून

अंकितानं ही डायरी संक्रांतीले दिलती. "बाबा, साखरेचे आकडे लिहत जा," म्हणे. पोरगी हिंगणघाटले नांदते, पण नजर इथं बापावर. एक आकडा लिहिला नाई मी. पण आज जे झालं ते कोणाले सांगाची सोय नाई, म्हणून पान उघडलं.

सकाळी शेजारचे बबनराव आले. त्यायच्या घरात एक खोली कापूस अजून पडला आहे. "भानुभाऊ, पाहा बरं जरा, ओल तं नाई धरली?" गेलो. पुंजका उचलला, रुई ओढून फेकली, सरकी समोरच्या दाताखाली धरली अन् दाबली. कट् आवाज आला तं माल कोरडा, चिपटली तं ओला. एकतीस वर्षं झाली, वर्ध्याच्या जिनिंग कारखान्यात मी हेच करून राह्यलो. कागदावर ग्रेडर, मालाची प्रत ठरवणारा, पण गाडीवाले मले 'सरकीवाले भाऊ' म्हणतात. वजन वाढवाले पाणी मारून आणलेला कापूस माह्या दातातून अजून सुटला नाई.

आज सरकी फुटलीच नाई. दातच मागं सरकला. सरकी हातात घेतली तं लाल. मुठीत लपवली. बबनराव तोंडाकडे पाहून राह्यलते. "कोरडा आहे," म्हणलं मी. होता का नव्हता, देवाले ठाऊक. एकतीस वर्षांत पहिल्यांदा अंदाजानं बोललो अन् बबनरावनं डोळे मिटून विश्वास ठेवला. लाज वाटली.

घरी येऊन भागीरथाले म्हणलं, हिरडीतून रक्त आलं वं. बायको माही पोळ्या लाटत होती, मान बी वर केली नाई. "तुमच्या हिरडीतून होळीपासून येऊन राह्यलं. उशीची खोळ पाहा." मंग मले काऊन नाई सांगतलं? "सांगतलं होतं. तुम्ही म्हणले, ब्रश नवा आहे."

१४ जून

दाताच्या कॉलेजात गेलतो. डॉक्टरीण तरणी पोरगी, नाव डॉ. स्वीटी मडावी. नाव स्वीटी अन् पहिलाच प्रश्न, "काका, साखर आहे का?" म्हणलं, थोडीशी. "थोडीशी म्हणजे?" म्हणलं, मले काही त्रास नाई. "गोळ्या?" म्हणलं, घेतो, आठवण आली का. ती हासली नाई.

बारीक सळई दातापाशी हिरडीत घालून मोजू लागली अन् संगच्या पोरीले आकडे सांगू लागली. सहा, सात, सात, आठ. कायचे आकडे हे बाप्पा? "दात अन् हिरडी यांच्यात भेग पडते, ते मोजून राह्यली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. तुमची आठ." समोरचे खालचे चार अन् वरचे दोन, सहा दात हालून राह्यले. आत पू.

मंग समजावून सांगतलं. रक्तात साखर जास्त राह्यली का हिरडीच्या बारीक नसा खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आळशी होतात, हाड झिजते. जखम भरत नाई. अन् हिरडीत पू राह्यला का तो उलटून साखर चढवते. "दोघं एकमेकाले धरून आहेत काका. हिरडी उघडून साफ करून टाके घाला लागतील. पण साखर वर असताना चाकू लावला तं टाका धरणार नाई. पह्यले रिपोर्ट आणा."

म्हणलं, बाई, मले दात खायले नको, सरकी फोडाले पाहिजेत. जिनिंगाचं नाव सांगतलं. तिचा हात थांबला. "तुम्ही सरकीवाले भाऊ का? माहे बाबा गिरडकडून तुमच्याकडंच गाडी आणतात. एका वर्षी तुम्ही गाडी परत पाठवलती, पाणी मारलं म्हणून."

म्हणलं, मारलं होतं का?

"मारलं होतं," म्हणे.

१८ जून

आज रक्त दिलं. त्याची तयारी दोन दिवसांपासून. बबनरावनं सांगतलं अन् बबनरावले त्यायच्या साळ्यानं. तपासाच्या आधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस, मेथीचं पाणी, अर्धी भाकर, बाकी उपास. आमच्या आंजी गावात सगळे साखरवाले असंच करतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास केल्यासारखं. मी तं गोळ्या बी डबल घेतल्या. सकाळी एसटीत घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या बाईनं पिशवीतून गुळाचा खडा काढून दिला, "खा भाऊ, खा." तो बी नाई खाल्ला मी. जिद्द म्हणजे जिद्द.

अन् पाहा. दुपारी कागद भेटला. उपाशीपोटी एकशे बारा! एका नळीतलं रक्त त्यायनं अजून कोणत्या तपासाले ठेवलं, त्याचा कागद नंतर भेटन म्हणे. भेटो. स्टँडवर आनंदानं दोन पेढे खाल्ले. भागीरथासाठी चार आणले. तिले गोड लय आवडते.

२१ जून

आज जे झालं ते लिहाले हात उचलत नाई. तरी लिहतो.

डॉक्टरीणनं कागद पाह्यला. "उपाशीपोटी एकशे बारा. छान." मी खुर्चीत सरळ बसलो. मंग तिनं दुसरा कागद काढला. "ही तीन महिन्यांची साखर. अकरा पॉइंट चार." म्हणलं, हे काय? तं म्हणे, रक्तातल्या लाल पेशीले साखर चिकटते अन् पेशी जिती आहे तोवर सुटत नाई. दोन दिवस उपास केला तं आजची खाली येते, ही नाई येत. ही तीन महिन्यांचं सगळं सांगते.

मी एकशे बाराचा कागद उचलून घडी करू लागलो.

"काका, दोन दिवस काय केलं खरं सांगा." सांगतलं. एसटीतल्या अंधारीचं बी सांगतलं. तवा मात्र ती तापली. उपाशीपोटी डबल गोळ्या घेऊन मानूस बेशुद्ध पडते, मरते बी, म्हणे. मंग आवाज खाली आणला. "तुम्ही माह्याकडे वरून वाळवलेला कापूस आणला काका. आतून ओलाच आहे. तुम्ही माह्या बाबांची गाडी परत पाठवलती ना? आज तुमची मी पाठवते. सप्टेंबरात या. तीन महिन्यांची आठच्या आत आणा, मंग टाके घालीन. नाई तं सहाही दात काढा लागतील."

एकतीस वर्षं मी दुसऱ्याची चोरी पकडली. आज माही पकडली, ते बी पोरीच्या वयाच्या पोरीनं. गाडीवाल्याचं तोंड कसं होत असन ते आज समजलं. येताना एसटीतून उतरलो तं बबनराव फाट्यावर भेटले. "काय आलं भानुभाऊ?" म्हणलं, तुमच्या साळ्याले कारल्याचा हार घाला.

२२ जून

जिनिंगाचे मालक ताराचंदजीचा फोन आला. कोणीतरी दाताचं त्यायच्या कानावर घातलं. "भानुभाऊ, टेन्शन मत लो. दात गेले तं गेले. ओल पाह्यचं मीटर आहे ना आपल्याकडे, तुम्ही फक्त बसून राहा."

चांगल्या मनानं बोलले. पण दिवसभर तेच डोक्यात. फक्त बसून राहा. मीटरची सुई गाडीच्या वरच्या थरात जाते. पाणी मारणारा मधल्या थरात मारते. मी हात खांद्यापर्यंत घालून खालची सरकी काढतो, म्हणून मी मी आहे. बसून राहाले तं ओट्यावरचे म्हातारे बी बसतात.

ठरलं. नव्या हंगामाच्या मुहूर्ताची पहिली गाडी नोव्हेंबरात येईन. त्या दिवशी सरकी माह्या दातानं फुटली पाहिजे. गोळ्या येळेवर. रोज सकाळी आंजीच्या पुलापर्यंत चालणं. चहा बिनसाखरेचा. अंकितानं दिलेलं बोट टोचाचं यंत्र कपाटातून काढलं. येईन तो आकडा इथं लिहीन, खोटा नाई लिहणार. आज सकाळी : २६४.

५ जुलै

चाकू न लावता हिरडीच्या आतली सफाई दोन खेपेत झाली, टाके सप्टेंबरातच. इतकं कीट निघालं का पोरीच्या हातातला ट्रे पाहून मले किळस आली. इतके दिवस तोंडात उकिरडा घेऊन हिंडत होतो. ब्रश कसा फिरवायचा ते बी शिकवलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आज : १९८.

भागीरथाले म्हणलं, चाल माह्यासंग फिराले. नाई म्हणे, पाय दुखतात, थकल्यासारखं वाटते. बायांचं काही ना काही असतेच. पाऊस लागला तरी हिची तहान सरत नाई. सकाळी भरलेला माठ दुपारी अर्धा.

१९ जुलै

रामाजीच्या बापाच्या तेरवीले गेलतो. पंगतीत बुंदी वाढली. नाई म्हणलं तं वाढणारा पोट्टा म्हणे, "काका, मेलेल्याच्या नावाचं आहे, नाई म्हणू नाई." खाल्ली. परत घेतली बी. मेलेल्याच्या नावानं दुसऱ्यांदा कोणी आग्रह केला नव्हता, ते माहं मीच केलं.

आज सकाळी : २३१. लिहिलं. फाडावं वाटलं पान. नाई फाडलं. पुलाच्या पुढं फाट्यापर्यंत चालून आलो.

४ ऑगस्ट

१५२. हिरडीतून रक्त येणं बंद. उशीची खोळ पांढरी. भागीरथाले दाखवली तं म्हणे, "आता काय बक्षीस देऊ?" तिचे ब्लाउज सगळे ढिले झाले. खांद्यावरून उतरतात. म्हणलं, काय वं, माह्यापेक्षा तूच बारीक झाली. म्हणे, "तुमचं पथ्याचं मीच रांधते, मीच जेवते, होईन नाई तं काय?" बरोबर आहे. पथ्य दोघांले लागलं म्हणाचं.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. घरोघरी पुरणपोळी. बैल सजवून तोरणाखाली नेले, पूजा झाली, अन् भागीरथानं माह्या ताटात ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी वाढली. मी तिच्याकडे पाह्यलं, तिनं माह्याकडे. "पाहू नका तसं. डॉक्टरीणले फोन लावीन," म्हणे. हासलो अन् खाल्ली. पुरणाचा वास सहन करणं सरकी फोडण्यापेक्षा कठीण आहे, हे ज्याले करा लागते त्यालेच माहीत. माह्या वाटणीच्या पोळ्या तिनं खाल्ल्या. खाओ बिचारी, माह्यापायी किती दिवस गोड बंद होतं घरात.

आदल्या दिवशी निंदाले गेलती तवा विळा पायाच्या अंगठ्याले लागला तिच्या. हळद भरून चिंधी बांधली. आज माहा आकडा : १३४.

१६ सप्टेंबर

सात पॉइंट चार!

तीन महिन्यांची. उपास नाई, कारलं नाई, काल रात्री पोटभर जेवून गेलतो मुद्दाम. डॉ. स्वीटीनं कागद दोनदा पाह्यला. "काका, आतून बी कोरडा आहे आता." माह्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तं आलं. अकरा पॉइंट चारवाल्या दिवशी रडलो नव्हतो, तं आज हक्क आहे.

२५ सप्टेंबर

काल टाके घातले. हिरडी उघडली, आतली घाण काढली, शिवली. हालणारे दात मागून बारीक तारेनं एकमेकाले बांधले. दुखून राह्यलं. थंड ताक अन् पातळ भात. बोलता येत नाई म्हणून भागीरथा खुश आहे. "तीस वर्षांत एवढी शांतता नव्हती भेटली."

तिच्या अंगठ्याले अजून चिंधी आहे. हातानंच खूण केली, काय झालं? "चिखलात काम असते जी, वाळन कसं," म्हणे. खरं आहे.

६ ऑक्टोबर

टाके काढले. मी आरसा मागून पाह्यला. हिरडी गुलाबी, टाक्याच्या जागी बारीक रेघ. डॉक्टरीण म्हणे, "बारा दिवसांत इतकी भरली काका. जूनमध्ये हात लावला असता तं महिनोन्‌महिने ओली राह्यली असती. साखर काय करते ते जखमेवरून समजते. अंगावरची कोणतीही जखम भरेना, का पह्यले साखर पाहावी." मी मान हालवली. मले आता हे सगळं पाठ आहे, मी कोणालेही शिकवू शकतो.

मंग खरी गोष्ट काढली. सरकी? तिनं हात जोडले. "समोरच्या दातानं आता कधीच नाई. तार तुटन, दात जाईन." मी उठलोच खुर्चीतून. म्हणलं, मंग साडेतीन महिने कायले चालवलं मले? ती बी उठली. "बसा. बाजूचे दात पक्के आहेत, दाढेच्या अलीकडचे. तिथं फोडा." म्हणलं, तिथं आवाज येगळा येते. "मंग कान येगळा करा," म्हणे.

गिरडचं पाणी आहे पोरीत.

२० ऑक्टोबर

पंधरा दिवस झाले, बबनरावच्या खोलीत बसतो. त्यायनं तो कापूस अजून इकला नाई, माह्या कामी आला. काही सरक्या पाण्यात भिजवतो, काही उन्हात वाळवतो, डोळे मिटून बाजूच्या दातानं फोडतो. आवाज खोल येते, घरात बसून दाराची कडी आयकल्यासारखा. पह्यले दहातल्या चार चुकल्या. आज वीसातली एक. बबनरावले बी खरं सांगून टाकलं, जूनमध्ये तुमचा कापूस मी न पाह्यता कोरडा म्हणलतो. ते म्हणे, "मले माहीत होतं. तुमच्या ओठाले रक्त होतं."

५ नोव्हेंबर

मुहूर्त झाला.

गाडीले हार, बैलाले कुंकू, नारळ फुटला. ताराचंदजीनं मीटर हातात धरलं अन् माह्याकडे पाह्यलं. मी बाही वर केली, खांद्यापर्यंत हात घातला, मधल्या थरातला पुंजका काढला. रुई फेकली. सरकी बाजूच्या दातात धरली. कट्! "कोरडा," म्हणलं. मीटरची सुई घातली. मीटर बी कोरडाच म्हणे. पोरं वरडली. ताराचंदजीनं पाठीवर हात मारला. पेढे आले, मी हात जोडले. चौथ्या गाडीत मीटर कोरडा म्हणे अन् मी ओला म्हणलं. गाडी उलटवून पाह्यली तं खालचा थर गारगार. मीच बरोबर. पाच महिन्यांच्या भाकरीचं चीज झालं आज.

भागीरथाले सांगाले पाचच्या एसटीनं पळतच घरी आलो. ती बाजेवर पडून होती. दिवेलागणीले कधी पडत नाई ती. उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा. "जरा चक्कर आली. काही नाई. फुटली का सरकी?" फुटली, म्हणलं. ती हासली अन् पाय आवरून उठाले गेली तं अंगठ्याची चिंधी सुटली.

जखम ओली होती.

पोळ्याचा विळा. पोळा होऊन अडीच महिने झाले. माहे टाके बारा दिवसांत भरले. मी तिथंच खाली बसलो. तिचा पाय मांडीवर घेतला. कडा पांढऱ्या, मध्ये ओल. दाबलं तं तिले दुखलं बी नाई. यंत्र आणलं, नवी सुई लावली, बोट टोचलं. म्हणे, "माहं कायले? मले काय झालं?"

३४८.

ही डायरी काढली अन् मागची पानं वाचली. माठ दुपारी अर्धा. पाय दुखतात. ब्लाउज ढिले. चिंधी अजून आहे. सगळं माह्याच अक्षरात. आकडे माहे तेवढे ठळक. रांधणारी, भाकर वाढणारी, पुरणाच्या पोळ्या माह्या वाटणीच्या खाणारी समोर बसलती अन् मी पाह्यली नाई. गाडीत खांद्यापर्यंत हात घालणारा मी. थू माह्या ग्रेडरकीवर.

ताराचंदजीले फोन लावला. उद्या येत नाई म्हणलं. "अरे भानुभाऊ, उद्या तं खरी आवक आहे!" म्हणलं, उद्या मीटरवर घ्या. परवाही घ्या. लागन तितके दिवस घ्या. बायकोले दवाखान्यात न्यायचं आहे.

भागीरथा आयकून राह्यलती. माहा हात धरला. "आयका ना अंकिताचे बाबा. उद्या नाई, परवा जाऊ. एवढा मोठा आकडा डॉक्टरले दाखवाले लाज वाटते. दोन दिवस उपास करते, कारल्याचा रस पेते. जरा खाली आला का मंग..."

मी इतक्या जोरात "नाई!" म्हणलं का बबनराव कुंपणावरून डोकावले. मंग मले हासू फुटलं, अन् हासता हासता रडू. तिचे दोन्ही हात धरले.

"उपास नाई. कारलं नाई. आहे तशीच चाल," म्हणलं.

६ नोव्हेंबर

भागीरथा. उपाशीपोटी, म्हणजे फक्त रातभराची उपाशी : २९७.

सहाची एसटी आहे. पायात मोजे घालून तयार बसली आहे.